१७९ रुपये २० पैसे: यशवंतराव चंद्रचूडांविषयी फिरणाऱ्या निरोपाला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला चार ठिकाणांहून आला. रामबागेतल्या मैत्रिणींकडून, आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या ग्रुपवरून, पुण्याच्या मामेभावाकडून, आणि परवा भाचीकडून. तिने खाली लिहिलं होतं, "मावशी, हे तुमच्या इंदूरचं आहे ना? खरं आहे का?" तिला दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

निरोप माजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्याबद्दल आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: हा माणूस सरकारच्या मेहेरबानीवर मोठा झाला. आणीबाणीत त्याने सरकारला हवा तो निकाल दिला आणि "कैद्यांना आई जपते तसं जपलं जातंय" असं लिहिलं. बक्षीस म्हणून न्यायमूर्ती खन्नांची खुर्ची मिळवली, वर मुदतवाढ घेऊन सात वर्षं बसून राहिला. सरकारविरुद्ध एकही निकाल दिला नाही. शहरातली अतिक्रमणं आज हलवता येत नाहीत तेही त्याच्यामुळेच. आयुष्यात एकच चांगलं काम केलं, इंदूरच्या शाहबानोंच्या खटल्यात तीन तलाक बंद केला, तोही सरकारने फिरवला. आणि त्याची चूक शेवटी त्याच्या मुलालाच निस्तरावी लागली.

माझ्याबद्दल दोन गोष्टी आधीच सांगते. मी इंदूरच्या कचेरीत एकतीस वर्षं वकिली केली, त्यातली बहुतेक पोटगीच्या अर्जांत गेली. आणि माझे थोरले काका जुलै १९७५ मध्ये मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता स्थानबद्ध करण्याच्या कायद्याखाली, आत गेले ते १९७७ च्या सुरुवातीला बाहेर आले. तेव्हा चंद्रचूडांची बाजू घ्यावी असं मला घरातून कुणी शिकवलेलं नाही. आमच्या घरात ते नाव बराच काळ कडवटपणेच घेतलं जाई. तरीही या निरोपातल्या बहुतेक ओळी चुकीच्या आहेत, आणि ज्या बरोबर आहेत त्याही अर्ध्याच.

मुदतवाढीचा मुद्दा पाटीवरच्या वजाबाकीने मिटतो. चंद्रचूडांचा जन्म १२ जुलै १९२०चा, पुण्याचा. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला घटनेने पासष्टाव्या वर्षी निवृत्त केलं आहे. ते २२ फेब्रुवारी १९७८ला सरन्यायाधीश झाले आणि ११ जुलै १९८५ला, पासष्ट पुरी होण्याच्या आदल्या दिवशी, उतरले. सात वर्षं आणि साडेचार महिने. एवढी मोठी कारकीर्द दुसऱ्या कुठल्याही सरन्यायाधीशाला मिळालेली नाही, पण त्यात एक दिवसाचीही मुदतवाढ नाही. ते बावन्नाव्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सत्तावन्नाव्या वर्षी त्यांची पाळी आली, इतकंच.

खन्नांची खुर्ची मिळवली, ही ओळ मला जास्त लागली, कारण हंसराज खन्ना आमच्या घरी देवाच्या जागी होते. आणीबाणीतल्या स्थानबद्धांच्या खटल्यात, २८ एप्रिल १९७६च्या निकालात, पाच जणांत एकटे तेच सरकारच्या विरुद्ध उभे राहिले, आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून सरन्यायाधीशपद न्यायमूर्ती मिर्झा हमिदुल्ला बेग यांना दिलं गेलं. खन्नांनी राजीनामा दिला. म्हणजे खुर्ची गेली ती बेग यांच्याकडे. आता तारखा लावून बघा. खन्ना डावलले गेले नसते तर जुलै १९७७च्या सुरुवातीला वयोमानाने निवृत्त झाले असते. त्यांच्यानंतर बेग आले असते, ते २१ फेब्रुवारी १९७८पर्यंत राहिले असते. आणि दुसऱ्या दिवशी चंद्रचूडच आले असते. खन्नांवर अन्याय झाला हे शंभर टक्के खरं, पण त्या अन्यायाने चंद्रचूडांची पाळी एका दिवसानेही अलीकडे आली नाही.

आणि बक्षीस द्यायला तेव्हा दिल्लीत होतं कोण? फेब्रुवारी १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई होते, आणीबाणीत स्वतः तुरुंगात राहिलेले. कायदामंत्री शांती भूषण होते, इंदिरा गांधींच्या निवडणुकीविरुद्ध राजनारायण यांचा खटला लढवणारे आणि स्थानबद्धांच्या खटल्यात सरकारच्या विरुद्ध उभे राहिलेले वकील. मुंबईच्या काही नामवंत कायदेपंडितांनी चंद्रचूडांच्या नेमणुकीला जाहीर विरोध केला होता, त्यांचं म्हणणं आमच्या काकांच्या म्हणण्यासारखंच होतं. तरी त्या सरकारने ज्येष्ठतेचा क्रम मोडायचा नाही असं ठरवलं, कारण आधीच्या सरकारने तो दोनदा मोडला होता आणि त्याचे परिणाम देशाने भोगले होते. ज्यांना आत टाकलं होतं त्यांनीच ही नेमणूक केली. तिला आणीबाणीचं बक्षीस म्हणणं हे त्या माणसांच्या संयमावरही अन्याय करणारं आहे.

आता त्या निकालाकडे. इथे मी चंद्रचूडांचा बचाव करणार नाही.

खटल्याचं नावच आपल्या प्रांताचं आहे: अपर जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल. मिसाखाली पकडलेल्या माणसाला आपली अटक बेकायदा आहे एवढं तरी न्यायालयात म्हणता येईल का, हा प्रश्न. नऊ उच्च न्यायालयांनी "म्हणता येईल" असं सांगितलं होतं आणि त्यांत आपलं मध्य प्रदेशचं उच्च न्यायालयही होतं. काकूने त्याच आशेवर वकील गाठला होता. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने दार लावून घेतलं. त्या चारांत चंद्रचूड होते.

पण "आई जपते तसं" ही ओळ त्यांची नाही. स्थानबद्धांची काळजी जवळजवळ मातेच्या मायेने घेतली जाते असं लिहिलं ते बेग यांनी. निरोप लिहिणाऱ्याने एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातलं. चंद्रचूडांचं स्वतःचं वाक्य वेगळं आहे, आणि माझ्या मते ते अधिक जड आहे. वकील एकामागून एक भीती व्यक्त करत होते की उद्या सरकारने कैद्याला फटके मारले, उपाशी ठेवलं, गोळी घातली तरी कुणी विचारणार नाही. त्यावर चंद्रचूडांनी लिहिलं की असं कधीही घडणार नाही अशी हिऱ्यासारखी लख्ख, हिऱ्यासारखी कठीण आशा आपल्याला आहे. नागरिकाला न्यायाधीशाकडून हवा असतो आदेश, आणि तिथे त्याच्या हातावर ठेवली गेली आशा. काका ते वाक्य इंग्रजीतच म्हणायचे, आणि म्हणून झालं की बराच वेळ गप्प बसायचे.

सरन्यायाधीश झाल्यावर, १९७८ मध्ये, चंद्रचूडांनी जाहीरपणे खंत बोलून दाखवली, की पद सोडून लोकांना "कायदा हा असा आहे" असं सांगण्याचं धैर्य आपल्याला झालं नाही. त्यांचे चाहते याला माफी म्हणतात. मला ती माफी वाटत नाही. ही खंत राजीनामा न दिल्याची आहे, निकाल चुकला याची नाही. त्याच निकालातले न्यायमूर्ती भगवती यांनी २०११ मध्ये सरळ "माझं चुकलं" म्हटलं. हा फरक मी पुसणार नाही.

मात्र "सरकारविरुद्ध एकही निकाल दिला नाही" हे वाक्य धडधडीत खोटं आहे, आणि ते खोटं ठरायला आणीबाणी संपायचीही वाट बघावी लागत नाही. जून १९७५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. ऑगस्टमध्ये संसदेने एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेरच काढला. ७ नोव्हेंबर १९७५ला, विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर असताना, सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतलं ते कलम रद्द केलं. रद्द करणाऱ्यांत चंद्रचूड होते. त्यांनी लिहिलं की समान दर्जा आणि कायद्याचं राज्य ही घटनेची मूलभूत चौकट आहे, तिच्यातून एका व्यक्तीला वगळता येणार नाही. निवडणूक शेवटी कायम राहिली ती बदललेल्या निवडणूक कायद्याच्या आधारे. पण पंतप्रधानांना कायद्यावर नेऊन बसवणारी तरतूद त्या दिवसांत, त्या माणसाच्या हाताने पडली. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी त्याच हाताने जबलपूरच्या निकालावर सही केली. हे दोन निकाल शेजारी ठेवले की माझं मन आजही स्वस्थ होत नाही. निरोप लिहिणाऱ्याचं काम सोपं आहे, त्याने त्यातला एक काढूनच टाकला.

गंमत म्हणजे हीच मूलभूत चौकटीची कल्पना, की घटनेचा गाभा संसदेलाही बदलता येत नाही, १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा मतांनी मान्य झाली तेव्हा चंद्रचूड सहांमध्ये होते, म्हणजे संसदेला अमर्याद अधिकार आहे म्हणणाऱ्यांत. बहुमत विरुद्ध गेल्यावर त्यांनी ते मनापासून स्वीकारलं, आणि १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्सच्या निकालात त्याच कल्पनेचे सर्वांत खंबीर राखणदार झाले. बेंगळुरूच्या एका कापड गिरणीच्या निमित्ताने बेचाळिसावी घटनादुरुस्ती कसाला लागली होती. संसदेने केलेल्या कुठल्याही घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हानच देता येणार नाही, असं त्या दुरुस्तीने लिहून ठेवलं होतं. नानी पालखीवाला त्याविरुद्ध उभे होते. चंद्रचूडांनी बहुमताच्या निकालात म्हटलं की ज्याला मर्यादित अधिकार दिला आहे त्याला त्याच अधिकाराच्या जोरावर तो अमर्याद करून घेता येत नाही. चौदा, एकोणीस आणि एकवीस (समानता, स्वातंत्र्य आणि जगण्याचा हक्क) या तीन कलमांबद्दलचं त्यांचं प्रसिद्ध वाक्य याच निकालातलं.

हा निकाल मे १९८० मधला. इंदिरा गांधी जानेवारीत प्रचंड बहुमताने परत आल्या होत्या. सरकारला खूश ठेवायचं असतं तर त्यासाठी याहून सोयीचा मुहूर्त नव्हता. काकांनी सकाळच्या पोह्यांबरोबर ती बातमी वाचली, चष्मा काढला आणि काकूला विचारलं, "हे तेच का गं?" त्यांनी चंद्रचूडांना माफ केलं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी ते नाव तुच्छतेने घेणं सोडलं.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये गुरुबक्षसिंग सिब्बिया खटल्यात चंद्रचूडांच्या घटनापीठाने अटकपूर्व जामिनाला उच्च न्यायालयाने घातलेल्या जाचक अटी काढून टाकल्या. आमच्या कचेरीत अग्रिम जमानतीचा अर्ज लिहिताना कितीतरी वर्षं तो निकाल जोडल्याशिवाय अर्ज पुरा होत नसे. १९८३ मध्ये मिठू खटल्यात जन्मठेपेच्या कैद्याने खून केल्यास फाशीच, दुसरी शिक्षाच नाही, असं सांगणारं दंडसंहितेचं ३०३ कलम त्यांच्या पीठाने घटनाबाह्य ठरवलं. पोलिसांच्या आणि फासाच्या विरुद्ध माणसाला उभं राहायला जागा देणारे हे निकाल आहेत, निरोपात त्यांचा मागमूस नाही.

अतिक्रमणांच्या दाव्याला फार जागा देत नाही. ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल १० जुलै १९८५चा, निवृत्तीच्या आदल्या दिवसाचा. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा खटला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे त्यात आलं, आणि ते मोठंच आहे. पण फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क न्यायालयाने दिला नाही. उलट महापालिकेचा हटवण्याचा अधिकार मान्य केला. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, १९७६च्या गणनेत नोंदलेल्यांना पर्यायी जागा द्या, नोटीस देण्याचं तत्त्व पाळा, एवढंच सांगितलं. भर पावसात घर पाडू नका म्हणणं म्हणजे अतिक्रमणाला संरक्षण, असं ज्याला वाटतं त्याने एकदा जुलैत एखाद्या नाल्याकाठच्या वस्तीत जाऊन यावं.

मुलाने निस्तरलं, ही गोष्ट ऐकायला छान वाटते म्हणून सगळ्यांना पाठ आहे. २४ ऑगस्ट २०१७ला खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी जबलपूरचा बहुमताचा निकाल गंभीर चुकीचा ठरवून मोडीत काढला, हे खरं. २०१८ मध्ये व्यभिचाराच्या कलमावर वडिलांनी १९८५ मध्ये दिलेला निकालही त्यांच्या पीठाने बाजूला सारला. पण २०१७चं पीठ नऊ जणांचं होतं. न्यायमूर्ती नरिमन आणि न्यायमूर्ती कौल यांनीही आपापल्या निकालपत्रांत जबलपूरचा निकाल नाकारला. शिवाय त्या निकालाचा सर्वांत घातक भाग त्याआधीच निकामी झालेला होता, आणि तो केला संसदेने. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरवलं की आणीबाणीतही विसावं आणि एकविसावं कलम स्थगित करता येणार नाही. ती दुरुस्ती करणारे खासदार, त्यांना निवडून देणारे लोक, तुरुंगातून सुटून मतदान केंद्रावर रांगेत उभी राहिलेली आमच्या काकांसारखी माणसं, या सगळ्यांना वगळून चाळीस वर्षांचा इतिहास एका बापलेकाच्या गोष्टीत कोंबणं मला पटत नाही.

आता इंदूर. चंद्रचूड हे आडनाव आपल्याला नवं नाही, मल्हाररावांच्या वेळी गंगोबातात्या चंद्रचूड होळकरांचे दिवाण होते. पण यशवंतरावांचं नाव इंदूरशी कायमचं बांधलं गेलं ते एका म्हाताऱ्या बाईच्या पोटगीमुळे. आणि नेमका तोच खटला निरोपात सर्वांत जास्त विपरीत झाला आहे, तोही कौतुक म्हणून.

शाहबानोंचं लग्न १९३२चं. तीन मुलगे, दोन मुली. नवरा इंदूरचाच वकील. १९७५ मध्ये, संसाराला त्रेचाळीस वर्षं झाल्यावर, त्याने त्यांना घराबाहेर काढलं. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी इथल्या दंडाधिकाऱ्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५व्या कलमाखाली अर्ज केला. मागितले महिना पाचशे रुपये. कायद्यातली कमाल मर्यादाच तेव्हा पाचशेची होती. नवऱ्याचं उत्पन्न वर्षाला साठ हजारांच्या आसपास असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. अर्ज चालू असताना, नोव्हेंबरात, नवऱ्याने तलाक दिला आणि सांगितलं की आता ही माझी बायकोच नाही, इद्दतीपुरतं (तलाकनंतरच्या ठरावीक मुदतीपुरतं) दिलं, मेहेरचे तीन हजार न्यायालयात भरले, माझी जबाबदारी संपली. ऑगस्ट १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्याने महिना पंचवीस रुपये मंजूर केले. पंचवीस. जुलै १९८० मध्ये उच्च न्यायालयाने ते वाढवून १७९ रुपये २० पैसे केले. त्याविरुद्ध नवरा दिल्लीला गेला.

म्हणजे सर्वोच्च न्यायालयापुढे तीन तलाक वैध की अवैध हा प्रश्नच नव्हता. तलाक झाला, हे सगळे धरूनच चालले होते. प्रश्न होता, तलाक झालेली आणि स्वतःचं पोट भरू न शकणारी बाई १२५ खाली पोटगी मागू शकते का, आणि मेहेर दिली म्हणून ती पोटगी थांबते का. २३ एप्रिल १९८५ला पाच जणांच्या घटनापीठाच्या वतीने चंद्रचूडांनी उत्तर दिलं. १२५वं कलम धर्म विचारत नाही, तिथे फक्त निराधारपण बघायचं. आणि मेहेर ही लग्नामुळे देणं लागलेली रक्कम आहे, तलाकच्या बदल्यात दिलेली नाही, त्यामुळे ती देऊन पोटगीतून सुटका होत नाही. हे काही आकाशातून पडलेलं नव्हतं. बाई ताहिरा आणि फुझलुनबी या खटल्यांत न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हेच आधी सांगितलं होतं. दोन न्यायाधीशांना ते तपासून घ्यावंसं वाटलं म्हणून प्रकरण पाच जणांकडे गेलं. तीन तलाक रद्द झाला तो तब्बल बत्तीस वर्षांनी, २०१७ मध्ये, दुसऱ्याच बाईच्या खटल्यात.

सरकारने फिरवलं, हेही पुरतं खरं नाही. तलाक झालेल्या मुस्लिम बायकांच्या हक्कांबद्दलचा १९८६चा कायदा त्याच हेतूने आला, आणि त्याआधी शाहबानोंना इतकं घेरलं गेलं की त्यांनी स्वतःच निकाल नको म्हटलं. पण त्यांचेच वकील डॅनियल लतिफी त्या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१ मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला आणि त्याचा अर्थ असा लावला की इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याने बायकोच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची वाजवी तरतूद करायला हवी. आणि जुलै २०२४ मध्ये तेलंगणातल्या एका प्रकरणात न्यायालयाने पुन्हा सांगितलं, तलाक झालेल्या मुस्लिम बाईला १२५चा रस्ता खुलाच आहे.

मला या निकालातली एक गोष्ट खटकते. समान नागरी कायद्याचं चव्वेचाळिसावं कलम मृताक्षर होऊन पडलं, अशी खंत चंद्रचूडांनी त्यात घातली. पोटगीचा प्रश्न सोडवायला तिची गरज नव्हती. त्या दोन परिच्छेदांवर देश भांडत बसला आणि १७९ रुपये २० पैसे विसरला.

मी विसरू शकले नाही, कारण पेशीला येणाऱ्या कित्येक बायकांचा आकडा मी असाच पैशांसकट लिहिला आहे. म्हणून निकालाचा शेवट भाचीला वाचून दाखवला. नवऱ्याचं अपील फेटाळलं, आणि खटल्याच्या खर्चापोटी त्याने शाहबानोंना दहा हजार रुपये द्यावेत असं सांगितलं. १७९ रुपये २० पैशांच्या हिशेबाने ही साडेचार वर्षांहून जास्त पोटगी होते. त्याखाली आणखी एक वाक्य आहे: परिस्थिती बदलल्याचं दाखवून शाहबानोंना १२७व्या कलमाखाली पोटगी वाढवून मागता येईल. देशाच्या सरन्यायाधीशाने, निवृत्तीला अडीच महिने उरले असताना, इंदूरच्या एका बाईला पुन्हा त्याच दंडाधिकाऱ्याकडे कुठल्या कलमाखाली अर्ज करायचा ते लिहून दिलं होतं.